मॉनिटर असला तरी श्वास मोजावाच लागतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अतिदक्षता विभागात नवी यंत्रे आली की माणसे कमी लागतील, एका टेबलाशी बसून एका पडद्यावर दहा रुग्णांवर नजर ठेवता येईल, असे हल्ली वरचेवर वाचायला मिळते. यंत्रांशी आमचे वैर नाही. त्यांच्याशिवाय आमची एक पाळीही निभणार नाही. पण मॉनिटर काय दाखवतो, काय दाखवत नाही आणि न दाखवलेले कोणी, कसे टिपायचे, याचा तपशील या चर्चेत कुठेच येत नाही. तो मांडावा म्हणून हे पत्र.

सुरुवात श्वासापासून करावी लागेल. रुग्ण ढासळू लागला की बहुतेक वेळा सर्वांत आधी बदलतो तो श्वासाचा वेग. रक्तदाब पडतो तो बराच उशिरा, कारण तोवर शरीर रक्तवाहिन्या आवळून आणि हृदयाची गती वाढवून कसाबसा दाब टिकवून धरते. संसर्ग रक्तात पसरला, आत कुठे रक्तस्राव झाला, किडनी बंद पडू लागली किंवा मधुमेहात किटोन वाढले, की रक्तात आम्ल साचते आणि ते कमी करण्यासाठी शरीर कार्बन डायऑक्साइड जोरात बाहेर टाकू लागते. मिनिटाला १६ चालणारा श्वास २२ होतो, मग २६. प्रौढ माणसात १२ ते २० हे नेहमीचे प्रमाण. २५ च्या पुढे किंवा ८ च्या खाली गेला तर डॉक्टरांना लगेच कळवायचे, राउंडची वाट पाहायची नाही.

हा वेग पूर्ण एक मिनिट मोजायचा. १५ सेकंद मोजून चारने गुणले तर एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. आणि मोजतोय हे रुग्णाला सांगायचे नाही, कारण लक्ष गेले की माणूस वेगळा श्वास घेऊ लागतो. नाडीवर बोटे ठेवायची आणि नजर छातीवर. मॉनिटरवर दिसणारा श्वासाचा आकडा बहुतेक ठिकाणी ईसीजीच्या इलेक्ट्रोडवरूनच येतो. छाती फुगताना-बसताना त्यांच्यामधला विद्युत विरोध बदलतो, तो यंत्र मोजते. रुग्ण थरथरला, खोकला, कूस बदलली की आकडा चुकतो. याहून वाईट म्हणजे घशात अडथळा असताना छाती हलते, हवा मात्र आत जात नाही, आणि यंत्र ती हालचाल श्वास म्हणून मोजत राहते. वॉर्डातले चार्ट पाहिले तर १८, १८, २०, १८ असे आकडे ओळीने भरलेले सापडतात. सगळ्या खाटांवरचे रुग्ण दिवसभर एकाच लयीत श्वास घेतात यावर कोणाचा विश्वास बसेल?

बोटाला लावलेल्या चिमट्यावरही असाच डोळे झाकून विश्वास टाकला जातो. बोटे गार पडली, दाब कमी झाला, नखांवर रंग असला की ऑक्सिजनचा आकडा बेभरवशाचा होतो. धुरात सापडलेल्या माणसात तो खोटाच चांगला दिसतो, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिनही त्या चिमट्याला ऑक्सिजनवालेच वाटते. आणि ऑक्सिजन चालू असलेल्या रुग्णात ९७ दिसत असताना कार्बन डायऑक्साइड मुकाट्याने वाढत जाऊ शकतो. असा रुग्ण पेंगुळतो, डोके दुखते म्हणतो, हात गरम लागतात, हात पुढे धरायला सांगितले तर पंजे फडफडतात. यातले काहीच पडद्यावर नसते. फुप्फुसाच्या जुनाट आजारात, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठण्याची सवय असलेल्या रुग्णाला ८८ ते ९२ वर ठेवायचे असते. तिथे १०० चा आकडा पाहून समाधान मानणारा चुकतो.

म्हणून पाळी हातात घेतली की पडद्याआधी रुग्ण पाहायचा, तोही ठरलेल्या क्रमाने: श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध, मग सगळे अंग. हा क्रम जीव किती लवकर जाऊ शकतो त्यावरून ठरला आहे. जिथे दोष सापडेल तिथेच थांबून तो आधी सुधारायचा. घसा भरलेला असताना ताप मोजण्यात अर्थ नसतो. सरावलेल्या हाताला हे सगळे करायला पाचेक मिनिटे लागतात.

रुग्णाला नाव विचारायचे. पूर्ण वाक्यात उत्तर आले तर श्वासमार्ग मोकळा आहे, फुप्फुसात हवा आहे आणि मेंदूला रक्त पोचते आहे, हे एका झटक्यात कळते. एकेक शब्दाला दम लागत असेल तर तीच पहिली नोंद. गुळगुळ आवाज म्हणजे घशात स्राव, घोरण्यासारखा आवाज म्हणजे जीभ मागे पडलेली, श्वास आत घेताना शिट्टीसारखा कर्कश आवाज म्हणजे स्वरयंत्राजवळ मार्ग अरुंद झालेला. छाती आत आणि पोट वर अशी उलटसुलट हालचाल चालू आहे पण आवाजच नाही, ही सर्वांत धोक्याची खूण. नवख्याला मात्र तो रुग्ण शांत झाल्यासारखा वाटतो.

रक्ताभिसरणासाठी आमचा पहिला हात रुग्णाच्या पायावर जातो. पाऊल गार आहे का, गारठा घोट्यापर्यंत आहे की गुडघ्यापर्यंत चढला आहे? नखावर पाच सेकंद दाब देऊन सोडला की लाली किती सेकंदांत परतते? तीनपेक्षा जास्त लागले तर दाब ठीक दिसत असूनही कातडीपर्यंत रक्त पोचत नाही असे समजायचे. लघवी ताशी वजनाच्या प्रत्येक किलोमागे अर्धा मिली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० मिली, तरी हवी. (कॅथेटरची नळी दुमडलेली नाही ना, हे आधी पाहावे. अर्ध्या घाबरगुंड्या तिथेच मिटतात.) दाबाच्या वरच्या आकड्यावर सगळ्यांचे डोळे असतात, पण अवयवांना रक्त पुरवतो तो सरासरी दाब. खालच्या आकड्यात दोन्हींच्या फरकाचा एक तृतीयांश मिळवला की तो निघतो. १००/४० हा दाब ९०/६० पेक्षा बरा दिसतो. हिशेब केला तर पहिल्याची सरासरी ६० येते, दुसऱ्याची ७०. ६५ ही साधारण किमान पातळी धरतात, म्हणजे काळजी पहिल्याची करायला हवी.

शुद्धीसाठी ग्लासगो कोमा स्केल आहे. १९७४ पासून वापरात असलेल्या या मोजपट्टीत कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १५ गुण. नुसती बेरीज लिहू नये, डोळे, बोलणे आणि हालचाल यांचे गुण वेगवेगळे लिहावेत. बेरीज ८ किंवा कमी झाली तर रुग्ण स्वतःचा श्वासमार्ग सांभाळू शकेल याची खात्री नसते. डोळ्यांतल्या बाहुल्या पाहायच्या आणि साखर मोजायचीच. शॉकमधल्या, म्हणजे अवयवांना पुरेसे रक्त न पोचणाऱ्या, रुग्णाच्या गार बोटातून काढलेली साखर फसवते, शिरेतून किंवा धमनीतून घेतलेल्या रक्तावर ती तपासावी. काल नीट बोलणारा माणूस आज असंबद्ध बोलत असेल तर ते वयाच्या खाती टाकून पुढे जाऊ नये. शेवटी पांघरूण काढून, कुशीवर वळवून पाठ पाहायची. ड्रेनच्या, म्हणजे जखमेतला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीच्या, जागेचे रक्त चादरीखाली साचते, समोरून ड्रेसिंग कोरडे दिसते.

आता या निरीक्षणांची बेरीज का करावी लागते ते पाहा. एक रुग्ण: श्वास २२, ऑक्सिजन ९५, तोही नळीने ऑक्सिजन देऊन, वरचा दाब १०८, नाडी १०४, ताप ३८.२ सेल्सिअस म्हणजे १००.८ फॅरनहाइटच्या आसपास, शुद्धीवर. यातला एकही आकडा भीतिदायक नाही आणि सर्वसाधारण मर्यादा लावलेल्या मॉनिटरचा अलार्मही यावर वाजणार नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या ‘न्यूज’ (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) या गुणपद्धतीत मात्र याचे अनुक्रमे २, १, ऑक्सिजन चालू असल्याचे २, मग १, १ आणि १ असे ८ गुण होतात. ७ किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे तातडीची स्थिती. कागदावर हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे, फक्त त्यातला श्वास खरा मोजलेला हवा.

गुणपद्धतीलाही मर्यादा आहेत. तरुण माणूस शेवटपर्यंत आकडे सांभाळतो आणि मग एकदम कोसळतो. हृदयाची गती कमी ठेवणाऱ्या बीटा ब्लॉकरच्या गोळ्या चालू असतील तर नाडी वाढतच नाही. म्हणूनच ‘परिचारिकेला काळजी वाटते’ एवढे कारणही तातडीच्या पथकाला बोलवायला पुरेसे मानावे, अशी तरतूद अनेक ठिकाणच्या नियमावलींत असते. जिथे नाही, तिथे ती करून घ्यावी.

बोलावण्याचीही रीत असते. रात्री दोनला फोनवर ‘पेशंट बरा वाटत नाही’ म्हटले तर पलीकडून ‘बघू सकाळी’ येणारच. त्याऐवजी: ‘सहा नंबर, न्यूमोनिया, तिसरा दिवस. दोन तासांपूर्वी श्वास १८ होता, आता २८. ऑक्सिजन चारवरून दहा लिटर केला तरी ९१. दोन तासांत मिळून लघवी २५ मिली. थकत चालला आहे असे मला वाटते. तुम्ही आत्ता पाहायला या, तोवर एबीजी पाठवते.’ (एबीजी म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी.) कोण, आधी काय, आता काय, मला काय वाटते, काय हवे आहे. तोंडी मिळालेली ऑर्डर परत म्हणून दाखवायची. कोणी आले नाही तर वर कोणाला कळवायचे ते भिंतीवर लिहिलेले असावे, म्हणजे ते कोणाच्या धाडसावर अवलंबून राहत नाही.

यंत्रांमुळे काम कमी होते म्हणणाऱ्यांनी नॉरॲड्रेनॅलिनची सिरिंज बदलताना एकदा पाहावे. दाब टिकवण्याच्या या औषधाचा असर थांबवल्यावर काही मिनिटांत ओसरतो. त्यामुळे सिरिंज संपून अलार्म वाजल्यावर नवी भरायला घेतली तर तोवर दाब पडलेला असतो. आधीची संपायच्या अर्धा तास अगोदर दुसरी सिरिंज भरून तिच्यावर औषध, तीव्रता आणि वेळ लिहायची, दोघींनी पडताळायची. ती दुसऱ्या पंपात (सिरिंज ठरलेल्या वेगाने दाबणाऱ्या यंत्रात) बसवून, रुग्णाला जोडण्याआधी पंपानेच थोडे औषध ढकलून नळी भरायची. सिरिंजचा दट्ट्या आणि पंपाचा दांडा यांच्यात जरा फट राहते, आणि ताशी तीन मिली वेगाने ती भरून निघेपर्यंत कितीतरी मिनिटे रुग्णाला थेंबही मिळत नाही. मग नवा पंप चालू करून, दाब किंचित वर सरकताना दिसला की जुना बंद करायचा. त्या नळीतून दुसरे कोणतेही इंजेक्शन द्यायचे नाही, फ्लश (सलाईन ढकलून नळी धुणे) तर मुळीच नाही, कारण नळीत उभे असलेले औषध एकदम आत जाऊन दाब २०० पार करतो. नळी कुठे दुमडली असेल तर कमी वेगावर पंपाला ते उशिरा कळते, आणि घाईने घडी सोडली तर मागे तुंबलेले औषध झटक्यात आत जाते. म्हणून आधी रुग्णाकडची वाट थ्री-वेने (नळीवरच्या तीन वाटांच्या तोटीने) बंद करायची, दाब बाहेर मोकळा करायचा, मगच घडी सोडायची. एवढे सगळे होईपर्यंत खाटेपासून हलता येत नाही.

धमनीतल्या नळीवरून दिसणारा दाबही आपोआप खरा नसतो. त्याचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाब टिपून पडद्याला कळवणारा भाग, हृदयाच्या पातळीत, चौथ्या बरगडीच्या खालच्या फटीत आणि काखेच्या मध्यरेषेवर, हवा. कोणी खाट वर केली आणि तो स्टँडवर तिथेच राहिला तर दहा सेंटिमीटरच्या फरकाने दाब सुमारे साडेसात अंकांनी चढा दिसतो. खरा सरासरी दाब ५८ आणि पडद्यावर ६५. सगळे खूश, किडनी सोडून.

सक्शनचे, म्हणजे नळी घालून श्वासनलिकेतला स्राव ओढून काढण्याचे, तेच. दर दोन तासांनी घड्याळ पाहून नळी घालायची पद्धत चुकीची आहे. गरगर आवाज येतो, व्हेंटिलेटरचा दाब वाढतो, प्रवाहाच्या आलेखात करवतीचे दाते दिसतात, तेव्हा करायचे. आधी अर्धा ते एक मिनिट १०० टक्के ऑक्सिजन. सक्शनची नळी श्वासनलिकेच्या नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नसावी, म्हणजे आठ नंबरच्या (८ मिमी) नळीला फार तर १२ फ्रेंच (४ मिमी). आत घालताना ओढ बंद, बाहेर काढताना चालू, ओढ १५० मिमी पाऱ्याच्या आत, सगळे मिळून १५ सेकंदांच्या आत. या वेळी नजर नाडीवर, कारण घशातल्या मज्जातंतूला धक्का लागून ती एकदम ४० वर येऊ शकते. स्राव घट्ट आहे म्हणून सवयीने सलाईन ओतू नये, हवा ओलसर होते आहे का ते पाहावे. नळीच्या फुग्यातला दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका ठेवायचा आणि तो मापकाने मोजायचा. बाहेरचा छोटा फुगा बोटांनी चाचपून सांगितलेला अंदाज चुकतो. दाब कमी असेल तर वरचा स्राव फुप्फुसात झिरपतो, जास्त झाला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो.

व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की हात बटणाकडे जातो. तो आधी रुग्णाकडे जायला हवा. ऑक्सिजन घसरतो आहे आणि कारण लगेच सापडत नाही, तर यंत्र सोडवून अंबू बॅगने (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीने) १०० टक्के ऑक्सिजन द्यायचा. बॅग सहज दाबली गेली आणि आकडा सुधारला तर दोष यंत्रात किंवा त्याच्या नळ्यांत. दाबायला जड जात असेल तर रुग्ण नळी चावतो आहे का, आत स्रावाचा बोळा अडकला आहे का, एका बाजूची छाती हलेनाशी झाली आहे का, आणि ओठापाशी नळीवरचा सेंटिमीटरचा आकडा सकाळचाच आहे का, हे पाहायचे. अंबू बॅगसोबत मास्कही प्रत्येक खाटेच्या डोक्याशी असावा. नळीच निघून आली तर मास्कवाचून ती बॅग काय कामाची?

राहिली ती दिसायला साधी कामे. दर दोन तासांनी कूस बदलणे. डोके ३० ते ४५ अंशांवर ठेवणे. गुंगीतल्या रुग्णाचे डोळे अर्धे उघडे राहून बुबुळ कोरडे पडते, ते जपणे. तोंडाची स्वच्छता. टाचा, कानामागची कातडी, मास्कखालचे नाक पाहणे, कारण जखमा नळ्या-मास्कखालीही होतात. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला वळवायला दोन ते चार जण लागतात, आणि त्यातल्या एकाने फक्त डोक्याशी उभे राहून नळी धरायची असते. तो माणूस नसला की नळ्या निघतात.

आणखी एक, तळमळणाऱ्या रुग्णाबद्दल. हात-पाय झाडणाऱ्याला झोपेचे औषध वाढवणे सर्वांत सोपे असते. त्याआधी ऑक्सिजन, साखर, तुंबलेले मूत्राशय आणि वेदना या चार गोष्टी तपासायलाच हव्यात. बोलता न येणाऱ्याची वेदना कपाळाच्या आठ्या, आखडलेले हात, यंत्राशी चाललेली झटापट यावरून मोजण्याची पद्धत आहे, ८ पैकी ३ गुण झाले की वेदना आहे असे समजतात. या कारणांकडे न पाहता दिलेली गुंगी रुग्णाला शांत करते आणि आजार झाकते.

अतिदक्षतेची सुरुवातच माणसांनी झाली, हे इथे आठवते. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओच्या साथीत पुरेशी यंत्रे नव्हती, तेव्हा भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांच्या सल्ल्याने रुग्णांच्या गळ्यात नळी बसवून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने बॅग दाबत त्यांना जगवले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे दर पाळीला एक परिचारिका आणि इतर अत्यवस्थ दोघांमागे एक, हे अनेक ठिकाणी मान्य असलेले प्रमाण आहे. वर सांगितलेली कामे तासातासाला जोडून पाहिली तर ते का ठरले ते कळेल. तीन व्हेंटिलेटर एकाच परिचारिकेकडे दिले की सर्वांत आधी गळते ते श्वास मोजणे, कारण ते गळल्याचे त्या क्षणी कोणाला दिसत नाही. मॉनिटर वाढले की अलार्म वाढतात, आणि खोट्या अलार्मांनी कान बधिर झाले की खराही ऐकू येत नाही. त्यावर उपाय म्हणजे रोज कातडी पुसून नवे इलेक्ट्रोड लावणे आणि प्रत्येक पाळीला त्या रुग्णाच्या मानाने मर्यादा ठरवणे. म्हणजे पुन्हा हातच लागले.

नातेवाइकांनाही एक सांगणे. भेटीच्या दहा मिनिटांत ‘आकडे कसे आहेत’ एवढेच विचारू नका. आम्हाला माहीत नसलेल्या काही गोष्टी तुम्हाला माहीत असतात. एरवी हे किती उशांवर झोपतात, घरी चालताना दम लागायचा का, ऐकू कमी येते का, चष्मा लागतो का, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे. चष्मा आणि कानाचे यंत्र आणून द्या, त्यांच्याविना शुद्धीवरचा माणूसही गोंधळलेला वाटतो. घरची औषधे पाकिटांसकट आणा, आठवणीतून नावे सांगू नका. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर शेवटची कधी घेतली तेही सांगा. आणि ‘हे काल असे बोलत नव्हते’ असे वाटले तर संकोच न करता खाटेजवळच्या सिस्टरला किंवा ब्रदरला लगेच सांगा, राउंडपर्यंत थांबू नका.

आपले,
अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या परिचारिका व परिचारक